दुधीच्या फुलांचा चोर

३ ऑगस्ट, रविवार

संध्याकाळी दुधीच्या वेलावर एकतीस फुलं. दोनदा मोजली. एकतीस फुलं म्हणजे एकतीस दुधी. चार-पाच वाऱ्या-पावसात गेले म्हणून सोडून दिले, तरी पंचवीस कुठे जात नाहीत. बघू आता जितेश काय बोलतो ते.

जितेश म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा. मागच्या कंपाउंडची पट्टी त्याला नव्या गाडीसाठी हवी होती. मे महिन्याच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि म्हणालो, ही जमीन सांडोर गावच्या जुन्या वाडीची आहे, इथे काँक्रीट ओतणं हे पाप आहे. कमिटीने मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली. सेक्रेटरी अल्पेशने वहीत लिहून घेतलंय: "दसऱ्यापर्यंत बाग धरली तर बाग, नाहीतर पार्किंग." सहीसुद्धा घेतली माझी. जणू मी लुबाडायला बसलोय.

मांडव मी बांधला. आळी मी केली. बायपास झालेल्या माणसाने कुदळ हातात घेतली म्हणून बायकोने, आशाने, थयथयाट केला, तरी केली. वांगी, मिरच्या, एक पपई, राजेळी केळीचं एक रोप, आणि मांडवावर दुधी. गेल्या वर्षी ऑपरेशननंतर खिडकीतल्या कुंड्यांत टोमॅटो लावले होते, ते सगळे करपले. आशा म्हणते, त्यानंतर दोन महिने मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. अतिशयोक्ती करायची सवयच आहे तिला. दीड महिना असेल.

६ ऑगस्ट, बुधवार

चोरी झाली.

सकाळी मांडवाखाली चार फुलं पडलेली. गळालेली नव्हे, तोडलेली. पाकळ्या ओरबाडून काढलेल्या, मधला दांडा तेवढा उरलेला. चारी फुलं एका ठिकाणी, एकसारखी. वाऱ्याला इतकी टापटीप नसते. हे माणसाचं काम आहे.

बत्तीस वर्षं मी बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. विनातिकीट माणूस खिडकीबाहेर कसा बघतो ते मला पाठ आहे. आज जितेश लिफ्टमध्ये भेटला आणि नेमका छताकडे बघत होता.

आशाला दाखवलं. ती म्हणाली, "पाखरांनी केलं असेल." आणि लगबगीने आत गेली. गॅसवर काही ठेवलेलं नव्हतं.

१० ऑगस्ट, रविवार

रोज तीन-चार फुलं जातात. रात्री बसून राहिलो असतो, पण चोरी रात्री होत नाही. होते ती माझ्या फिरण्याच्या वेळेत. संध्याकाळी साडेसहाला निघतो तेव्हा सगळं जागेवर, साडेसातला परत येतो तेव्हा फुलं खाली. चोराला माझं वेळापत्रक ठाऊक आहे.

आज म्हटलं, जात नाही फिरायला. तर आशा काठी घेऊन दारातच उभी. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? निघा बघू." मी म्हटलं, पाऊस येईल. म्हणाली, "छत्री घ्या." बाहेर काढलं अक्षरशः. पूर्वी तिला माझ्या फिरण्याची एवढी काळजी नव्हती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

एवढी लूट होऊनही पाच दुधी धरले! बोटाएवढे आहेत, अंगावर मऊ लव, खाली मान घालून लोंबतायत. त्यांच्याकडे बघून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. छातीत टाके घातलेत त्या जागी काहीतरी हललं. मी आशाला हाक मारली, तिनेही पाहिलं, आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, "तुमच्या हाताला गुण आहे हो."

प्रत्येक देठाला लाल दोरा बांधला. आता कमी झाला तर कळेल.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिला दुधी काढला. दीड हात लांब, नखाने दाबला तर पाणी सुटेल इतका कोवळा. मुद्दाम जितेशच्या गाडीवरून, म्हणजे गाडीच्या बाजूने, मिरवत नेला. अल्पेश म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला." कमिटीतला मेलरॉय, इथला जुना रहिवासी, त्याने दुधी हातात घेऊन फिरवून बघितला आणि विचारलं, "काका, फूल कोण लावतं?" मी म्हटलं, फूल देव लावतो, मी पाणी घालतो. तो हसला. ही पोरं काहीतरी विचारायचं म्हणून विचारतात.

दुपारी आशाने चणाडाळ घालून भाजी केली. मी तीनदा वाढून घेतली. मात्र अर्धा दुधी कुठे गेला ते कळलं नाही. डब्यात नाही, फ्रिजमध्ये नाही. विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच खाल्लात की." दीड हाताचा दुधी दोन माणसं एका बैठकीत खातात होय?

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले, नैवेद्याला घरचा दुधीहलवा.

आता महत्त्वाचं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीत, केळीच्या मागे, दीड हाताची फट आहे. ही सगळी बिल्डिंग ज्या वाडीवर उभी आहे, ती वाडी शेजारच्या रोझलीनबाईच्या सासऱ्यांची. जुनं घर तिने ठेवलं, बाकीची वाडी दिरांनी बिल्डरला विकली. फट तिच्या परसात उघडते, पूर्वीची विहिरीवर जायची वाट ती. आज फटीपाशी चिखलात पाऊल दिसलं. रुंद, अनवाणी. जितेश अनवाणी चालत नाही.

म्हणजे जितेश निर्दोष असू शकतो. मला हे आवडलेलं नाही, पण पुरावा तो पुरावा.

राजेळीचं रोप जूनमध्ये रोझलीनबाईनेच दिलं होतं, आशाच्या हाती. तेव्हाच मी म्हणालो होतो, आवळा देऊन कोहळा काढायचा बेत आहे. बाईचं वय सत्तरीचं, पण नजर अजून मांडवावर असते. आपल्या सासऱ्याच्या जमिनीवर परका माणूस पीक काढतो हे कोणाला बघवेल? बाग फसली की पट्टीवर काँक्रीट पडेल आणि माझं नाक कापलं जाईल. तिला तेवढंच पुरेसं असेल.

७ सप्टेंबर, रविवार

नऊ दिवस एकही फूल तुटलं नाही.

आनंद व्हावा ना? नाही. या नऊ दिवसांत आलेली सगळी कोवळी फळं पिवळी पडून गळाली. बोटाएवढी होतात, टोकाकडून पिवळी पडतात, हात लावला की पडतात. अकरा गेली. एक कसंबसं टिकलंय.

विचार केला. चोरी थांबली आणि रोग आला. याचा अर्थ चोराने पद्धत बदलली. मिठाचं पाणी? साबण? आळ्यातली माती चाखून बघितली. आशाने पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

रोझलीनबाई या नऊ दिवसांत संध्याकाळी नवी साडी नेसून, हातात माळ घेऊन चर्चकडे जाताना दिसली. त्यांची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू आहे, उद्या मरियामातेचा सण. आपण त्या वेळी तिथे नव्हतोच हे सगळ्या गल्लीला दाखवायची ही उत्तम सोय.

आशा या दिवसांत फार बेचैन. दोनदा मांडवाखाली उभी राहून वर बघताना दिसली. गुडघे दुखतात, हात वर पोचत नाही, तरी काय बघते कोण जाणे.

९ सप्टेंबर, मंगळवार

पकडली!

फिरायला म्हणून निघालो आणि कोपऱ्यावरून परत वळलो. जितेशच्या गाडीआड उभा राहिलो. उजेड उतरत होता, दुधीची पांढरी फुलं उमलत होती. आणि मांडवाखाली रोझलीनबाई! स्टुलावर चढलेली. वेलाच्या गर्दीत तिचं डोकं, हात आणि खाली स्टुलाचा एक पाय तेवढा दिसत होता. एक फूल तोडलं. पाकळ्या मागे ओढून फाडल्या. मग ते फूल घेऊन दुसऱ्या फुलावर चोळत होती. आधी एकाला, मग दुसऱ्याला. ओठ हलत होते. मंत्र-तंत्र करत होती की काय देव जाणे, अंगावर काटा आला.

आणि स्टूल आमचं! स्वयंपाकघरातलं, निळ्या पायांचं. चोरीचं सामानसुद्धा माझ्याच घरातून! आशा आत सिरियल बघत बसते आणि हिला पत्ताही नसतो घरातून काय बाहेर जातं त्याचा.

मी ओरडलो नाही. तपासनिसाने घाई करायची नसते. उद्या परत बघायचं, मग बोलायचं.

११ सप्टेंबर, गुरुवार

कालही आली. आज, तिसऱ्या दिवशी, मी समोर जाऊन उभा राहिलो. तिच्या हातात माझं फूल.

मी म्हटलं, "रोझलीनबाई, हे काय चाललंय?"

ती दचकली. स्टुलावरून सावकाश उतरली. म्हणाली, "भाऊ, फूल तोडलं ते खरं."

"का तोडलं?"

तिने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं, आत आशा उभी होती.

"बोला की! महिनाभर माझ्या वेलाची नासधूस करताय. जमीन विकून झाली, आता विकत घेणाऱ्याच्या पोटावर पाय? याला आमच्यात चोरी म्हणतात."

तिचं तोंड उतरलं. मला वाटलं भांडेल, या बाया भांडायला लागल्या की गल्ली गोळा होते. पण ती एवढंच म्हणाली, "चोर म्हना. बरं." फूल माझ्या हातात दिलं आणि फटीतून निघून गेली.

चोर मुकाट्याने चोरी कबूल करतो असा अनुभव बत्तीस वर्षांत एकदाही आला नव्हता. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जेवलो नाही नीट.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कामणच्या गोदामांकडून जुना पत्रा आणला आणि फट बंद करून टाकली. चार खिळे, दोन पट्ट्या. आता येऊन दाखव म्हणावं.

आशा ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला?" मी म्हटलं, बाग वाचवली. ती आत निघून गेली. संध्याकाळी मला फिरायला जा असंही म्हणाली नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा पिवळी. पुन्हा गळती. बाईला येऊ दिलं तर फुलं जातात, नाही येऊ दिलं तर फळं जातात. याला करणी नाही म्हणायचं तर काय? लिंबू-मिरची बांधली मांडवाला. माझा यावर विश्वास नाही, पण दसऱ्याला पंधरा दिवस उरलेत.

आज आशा म्हणाली, "पत्रा काढा." मी म्हटलं, का? "काढा म्हणते ना." कारण सांगत नाही. आणि दुपारी मांडणीवर एक ताटली सापडली, आमची नव्हे. निळ्या काठाची. रोझलीनबाईच्या ओट्यावर अशाच ताटल्या वाळत असतात. अर्धा दुधी कुठे गेला ते आता कळलं. स्टूल बाहेर कसं गेलं तेही. मला रोज साडेसहाला घराबाहेर कोण काढत होतं?

कुंपणच शेत खातंय.

माझी बायको. छत्तीस वर्षांचा संसार. ऑपरेशनच्या वेळी हिने बाहेर बाकावर दोन रात्री काढल्या, आणि आता ही त्या बाईला सामील! कशासाठी? माझी बाग बुडावी म्हणून? मी परत भिंतीकडे तोंड करून पडावं म्हणून? राग आलाय. राग नव्हे, भीती वाटतेय. लिहून ठेवतो, उगाच खोटं कशाला.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्या मीटिंग. पट्टीचा विषय पहिला. वेलावर तीन दुधी उरलेत. या तिनांवर बाग टिकत नाही. म्हणून ठरवलं, बाग का फसली याचा पुरावाच ठेवायचा. जितेशच्या गाडीसाठी मागच्या भिंतीवर कॅमेरा बसवलाय, तो मांडवाकडेच बघतो. मेलरॉयकडे त्याचं काम आहे. त्याला ९ आणि १० तारखेचं रेकॉर्डिंग काढून ठेवायला सांगितलं.

तासाभराने तो घरी आला. आशाकडे बघत म्हणाला, "काका, एकदा आधी तुम्ही बघून घ्या. एकटे."

मी म्हटलं, नाही. सर्वांसमोर. आधी बघा म्हणणारा माणूस नंतर काहीतरी कापतो. मेलरॉय त्यांच्यातलाच शेवटी.

आशा म्हणाली, "अहो, ऐका त्याचं."

आता तर मुळीच नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

लिहायचं की नाही, दोन तास विचार केला. लिहितो.

गच्चीखालच्या हॉलमध्ये तीसेक माणसं. मी उभा राहिलो, भाषण केलं. तोडफोड, अतिक्रमण, परक्या माणसाचा कंपाउंडमध्ये वावर. मेलरॉयने टीव्हीला लॅपटॉप जोडला. पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लाव.

मांडव दिसला. रोझलीनबाई फटीतून आली. मागून, आमच्या दारातून, स्टूल घेऊन आशा आली. स्टूल ठेवलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं. रोझलीनबाई चढली. मग आशा खालून बोटाने दाखवत होती, ते बघ, ते राहिलं. दोघी हसत होत्या. एकदा आशाने दाराकडे मान वळवून बघितलं, मी येतोय का ते. मी कॅमेऱ्यातून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

मी म्हटलं, "बघितलंत? फुलं तोडतायत!"

मग मेलरॉय हळू आवाजात म्हणाला, "काका, त्या तोडत नाहीयेत. फूल लावतायत. दुधीला नर फूल वेगळं, मादी वेगळं. लांब देठाचं असतं ते नर, त्याला फळ येतच नाही. मादीच्या बुडाशी छोटा दुधी असतो. पावसाळ्यात पतंग-भुंगे फिरकत नाहीत, म्हणून आमच्या वाड्यांत संध्याकाळी फुलं उमलली की नर फूल तोडून मादीवर फिरवतात. नाही फिरवलं तर ती पिवळी पडून गळते. माझी आजी रोज करायची. तुमचे जेवढे दुधी आले ना, ते सगळे रोझलीन आंटीने लावलेले."

मागून कोणीतरी हसलं. जितेश असावा असं लिहिणार होतो. जितेश नव्हता, तो खाली बघत होता.

एकतीस फुलं म्हणजे एकतीस दुधी! मोजत बसलो होतो मी. नऊ दिवस ती प्रार्थनेला गेली आणि नऊ दिवस काही धरलं नाही. माझ्याच वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे. मागची पानं चाळली तर पानापानावर तेच आहे. सगळं मी लिहिलंय आणि मला दिसलं नाही.

अल्पेशने विषय दसऱ्यापर्यंत पुढे ढकलला. अकरा दिवस. हॉलमध्ये मी आशाला शोधलं. ती आलीच नव्हती.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पत्रा काढला. खिळे वाकडे ठोकले होते, तासभर लागला. फटीतून जायची हिंमत झाली नाही. गल्लीतून वळसा घालून पुढच्या दाराने गेलो.

रोझलीनबाई ओट्यावर सुपात लसूण निवडत होती. मी म्हटलं, "माझं चुकलं." तिने मान वर केली नाही. म्हणाली, "बसा."

बसलो. मग विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाहीत? मी चोर म्हटलं तुम्हाला."

"शब्द दिलेला तुमच्या बाईला." लसणीची सालं तिने फुंकरीने उडवली. "पावसाच्या सुरुवातीला आलती ती माझ्याकडे. या ओट्यावर बसून रडली. बोलली, रोझलीन, या घरात टोमॅटो सुकला तर मानूस उठत नाय अंथरुनातून. यंदा काय सुकलं तर मी त्याला परत उठवू शकनार नाय. तू फूल लाव, पन त्यांना कळू देऊ नको. त्यांना वाटू दे, त्यांच्या हातचं आलं."

मला रडू कोसळलं. परक्या बाईच्या ओट्यावर, चौसष्ट वर्षांचा माणूस, हुंदके देऊन. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

निघताना म्हटलं, संध्याकाळी याल का? म्हणाली, "येईन. पन स्टुलावर तुम्ही चढायचं. मी खालून सांगेन."

साडेसहाला आली, फटीतूनच. मी चढलो, आशाने स्टूल धरलं. नर फूल तोडलं, पाकळ्या मागे ओढल्या. पहिल्या मादीचा देठच मोडला माझ्या हातून. "मोडतात," रोझलीनबाई म्हणाली, "दुसरं घ्या. हळू. पोराच्या तोंडाला हलद लावता ना, तसं." चार फुलं लावली. आज लावलेलं फळ दसऱ्यापर्यंत वीतभरच होणार, काढण्याजोगं नाही. अल्पेशला तेच दाखवीन, आणि कोणी शिकवलं तेही सांगेन. मग पट्टी राहो नाहीतर जाओ.

ती गेल्यावर आम्ही दोघं मांडवाखाली उभे राहिलो. मी आशाला विचारलं, "मला का नाही सांगितलंस? एवढीशी गोष्ट. शिकलो असतो."

ती स्टूल पुसत होती. म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी वेल उपटून टाकला असतात."

मी तिच्या हातातलं स्टूल घेतलं. खरंच, टाकला असता.